गोळी आणि गरम पाण्याचें कुंड

वज्रेश्वरीजवळ, तानसा नदीच्या कांठीं, अकलोली हें गांव आहे. तेथील गरम पाण्याच्या कुंडांवर सांधे शेकण्यास दूरदूरचीं माणसें येतात. गेल्या थंडींत तेथेंच साठी उलटलेल्या एक बाई मला म्हणाल्या, "डॉक्टर, गोळी सोडली नि गुडघे सुटले!"

चौकशी करतां कळलें कीं, दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि ती गोळी लेट्रोझोलची होती. तिनें पुष्कळ स्त्रियांचे सांधे दुखतात हें खरें. पण ती नेमकें काय करते हें बाईंना कोणीं सांगितलें नव्हतें.

सर्वच नव्हे, पण बरेचसे स्तनकर्करोग इस्ट्रोजेन या अंतःस्रावावर पोसतात. ग्लासगोचे शस्त्रवैद्य जॉर्ज बीटसन यांनीं अंडाशय काढल्यावर असा रोग मागें हटल्याचें १८९६ सालीं प्रसिद्ध केलें. इस्ट्रोजेन हें नांवही तेव्हां जन्मास आलें नव्हतें. मग पाळी गेलेल्या स्त्रीचें काय? तिचे अंडाशय तर निवृत्त झालेले! परंतु कारखाना बंद पडला तरी घरगुती उद्योग चालूच राहतो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी पुरुषी गुणाचे अंतःस्राव थोडेबहुत निर्माण करतात. आणि मेदांत, स्नायूंत, प्रत्यक्ष स्तनांतही ॲरोमटेज नांवाचें विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणारें प्रथिन, त्यांचें इस्ट्रोजेन बनवितें. मेद वाढला कीं ही पैदासही वाढते. गर्भाशयाचें अस्तर भलत्या जागीं रुजण्याचा जो विकार तरुण स्त्रियांस छळतो, त्यांतही त्या भरकटलेल्या पेशी याच विकराच्या बळावर आपला शिधा आपणच रांधतात. लेट्रोझोल या विकरास अडवितें. अंडाशय चालू असतील तर मात्र एकट्या गोळीनें भागत नाहीं.

इस्ट्रोजेन आटलें कीं सांधे आखडतात, हाडें विरळ होतात; म्हणून हाडांची तपासणी हवीच. गोळी सामान्यतः पांच वर्षें रोज घ्यावयाची असते, आणि मध्येंच सोडल्यास रोग उलटण्याचा धोका वाढतो. त्रास असह्य झाला तर डॉक्टर त्याच जातीची दुसरी गोळी देऊं शकतात. नियमित चालण्यानेंही पुष्कळांस आराम पडतो.

"मग कुंडावर यायचंच नाहीं का?" बाईंनीं विचारलें.

"गुडघे खुशाल शेका," मीं म्हटलें, "पण ज्या बाजूच्या काखेंतल्या गांठी काढल्या आहेत, तो हात कढत पाण्यांत ठेवूं नका. सूज येते."

त्यांनीं उजवा हात लगेच पदराखालीं घेतला आणि डाव्या हातानें पिशवींतून पाकीट काढून दाखविलें. नऊ गोळ्या शिल्लक होत्या. मुदतीची तारीख उलटली नव्हती.