तासगाव ते रॉटरडॅम

मी कवितेचा माणूस आणि आज विषय निर्यातीचा! पण आमचं घराणं बागवानांचं, त्यामुळं द्राक्षाबद्दल दोन शब्द बोलण्याचा वारसाहक्क माझ्याकडं आहे, असं मी समजतो.

बागवानाचा व्यवहार बांधावरचा. बागेत शिरायचं, दोन-चार घड हातात तोलून पाहायचे, एक मणी तोंडात टाकायचा आणि भाव बोलायचा. गोडी जिभेवर ठरे, हिशेब शब्दावर चाले. द्राक्षं हॉलंडला म्हणजे नेदरलँड्सला निघाली आणि जिभेची जागा प्रयोगशाळेनं घेतली. युरोपातला आपल्या द्राक्षांचा सर्वांत मोठा ग्राहक हाच देश. सगळी तोच खातो असं नाही. रॉटरडॅम बंदरात माल उतरतो आणि तिथून शेजारच्या देशांत पांगतो.

१९९१ साली पुण्यात उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' उभी केली. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या मालात कीटकनाशकांचे अंश जादा आढळले, तेव्हा सगळेच जागे झाले. २००६ पासून 'अपेडा'नं 'ग्रेपनेट' सुरू केलं. आता पेटीवरच्या क्रमांकावरून माल निफाडच्या कुठल्या बागेतला की तासगावच्या, हे परदेशात बसून कळतं.

तरीही २०१० साली घात झालाच. वेलीची फाजील वाढ रोखायला आपले शेतकरी क्लोरमेक्वाट, म्हणजे त्यांच्या भाषेत 'सीसीसी', उघडपणे वापरत होते. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. माल तिथं पोहोचल्यावर ते सापडलं. कंटेनर अडले, भाव कोसळले, कित्येकांचे पैसे बुडाले. ज्यानं काही लपवलं नव्हतं, त्याच्याच गळ्याशी आलं! नंतर यादी सुधारली. पण ग्राहकाचा नियम ऑक्टोबर छाटणीच्या आधी बांधावर पोहोचला पाहिजे, बंदरात कळून काय उपयोग? दोन प्रदेशांचं नातं जोडायचं म्हणजे आधी एवढं तरी हवं.

वाटेचंही तसंच. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली, ती आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून येऊन. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि २०२४ च्या हंगामात आपली द्राक्षंही त्याच वळशानं गेली. शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या पेटीतल्या फळाला हे जादा दिवस फार जड जातात. मणी टिकला तरी देठ वाळतो, आणि तिकडचा खरेदीदार आधी देठच पाहतो.

मला सर्वांत बोचते ती गोष्ट वेगळीच. 'तास-ए-गणेश' हे नाव कधी नीट ऐकलंय? तासगावचा 'तास', मधली 'ए' कानाला चक्क फारसी इजाफत वाटते, आणि पुढं गणपतीबाप्पा! अशी सुंदर संधी मला आयुष्यात साधली नाही. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या शेतकऱ्यानं थॉमसन सीडलेसमधून ही जात निवडली. 'सोनाका' म्हणजे सोलापूर, नान्नज आणि काळे. या जातींच्या काड्या गावोगाव हातोहात गेल्या. स्वामित्वधन वगैरे शब्द कोणाच्या कानी नव्हता. आज युरोपच्या दुकानांना रंगीत, करकरीत, बिनबियांची नवी द्राक्षं हवीत. त्यांचे हक्क परदेशी कंपन्यांकडं आहेत आणि लागवड करायची तर पैसे मोजावे लागतात. मोजावेत, कष्ट त्यांचेही आहेत. पण नातं विकत घेण्यापुरतंच का असावं?

पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. हॉलंडात वागेनिंगनचं कृषी विद्यापीठ जगभर नावाजलेलं. दोघांनी मिळून आमच्या शेतकऱ्यांनी निवडलेल्या वेलींवर काम करावं, पानभर कराराआधी दोन्हीकडची चार माणसं एका मंडपाखाली उभी राहावीत, आणि निघेल त्या जातीच्या हक्कात बोरगावचा, नान्नजचाही वाटा असावा. नाव काय ठेवायचं, ते मी फुकट सुचवीन.