चमचा, घड्याळ आणि धीर

(मंडळाच्या महिला विभागापुढे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गणपती पंधरा दिवसांवर आलेत. पावसाची हवा, घरात पाहुण्यांची वर्दळ, मुलांची जागरणं, आणि कुठलं पाणी कुठला प्रसाद पोटात जातो त्याचा हिशेब नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी मला विषय विचारला तेव्हा मी लगेच सांगितलं की, आजारी मुलाला पुन्हा पुन्हा उलट्या होतात तेव्हा घरच्यांनी काय करायचं, यावर बोलते.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. माझी मुलगी तीन वर्षांची होती. असाच पावसाळा, अंगात ताप, आणि संध्याकाळपासून पाच उलट्या. रात्री दोन वाजता ती 'पाणी, पाणी' करू लागली. मी पेलाभर पाणी दिलं. तिनं ते घटाघटा प्यायलं आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर. सासूबाई म्हणाल्या, "आता काही देऊ नकोस. पोटाला लंघन घडू दे." मीही दमले होते, ऐकलं. सकाळी पाहते तर जीभ कोरडी, रात्रीपासून लघवी नाही, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास, आणि पोर नुसती पडून. मी तेव्हा मुलांचीच डॉक्टर होते, बरं का! दवाखान्यात रोज दहा आयांना जे सांगत होते, ते घरी रात्री दोन वाजता मला सुचलं नाही.

चूक दोघींची झाली. मी एकदम फार दिलं आणि सासूबाईंनी काहीच देऊ दिलं नाही. पुढे चाळीस वर्षांत याच दोन चुका मी घरोघरी पाहिल्या, आणि त्यावरून सासू-सुनांची भांडणंही पाहिली.

असं का होतं ते पाहू. चिडलेलं पोट एकदम भरलं की ताणलं जातं आणि सगळं उलटून टाकतं. म्हणून पेला चालत नाही. पण काहीच दिलं नाही, तर लहान मुलाच्या शरीरातला साखरेचा साठा लवकर संपतो. मग शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून कीटोन नावाची द्रव्यं तयार होतात. तोंडाला तो फळासारखा वास येतो तो त्यांचाच. आणि या कीटोनांनी मळमळ आणखी वाढते. म्हणजे उलटी होते म्हणून खाणं नाही, आणि खाणं नाही म्हणून पुन्हा उलटी. काही मुलांना प्रत्येक तापात उलट्या लागतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या मागे हेच चक्र असतं.

हे चक्र तोडायला तीन गोष्टी लागतात: चमचा, घड्याळ आणि धीर.

उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा. मूल झोपलं असेल तर कुशीवर वळवा, उताणं ठेवू नका. मग जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, एक चहाचा चमचा द्या. चहाचा चमचा म्हणजे पाच मिली. दोन मिनिटांनी दुसरा. मूल कितीही तहानलेलं असलं, वाटी हिसकावत असलं, तरी चमचाच. हिशेब करा: दोन मिनिटांना एक, म्हणजे तासाला तीस चमचे, दीडशे मिली. पेलाभर पाणी तासाभरात पोटात गेलं आणि टिकलंसुद्धा! मध्ये उलटी झाली तर पुन्हा दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश सुरू करा. उलटी झाली म्हणजे सगळंच गेलं असं नसतं. थोडं आत राहतंच. अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध बंद करू नका. थोडा थोडा वेळ, पण जास्त वेळा पाजा.

पुडी एक लिटरची असेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ती अख्खी घाला. अर्धी पुडी अंदाजानं नको. केलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्या. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं वाचून घ्या. खोक्यातलं गोड सरबत किंवा थंड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. जास्त साखरेनं जुलाब वाढतात. पुडी मिळेपर्यंत लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्याच चमच्यानं. दृष्ट काढायची असेल तर जरूर काढा, माझी हरकत नाही. फक्त ओवाळायला मीठ घ्याल तेव्हा आधी पाण्यात घालायचं मोजून बाजूला काढा.

साध्या मीठ-साखरेत एवढी ताकद कुठून? आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. शंभरात तीसच्या आसपास मृत्यू होत होते, ते चारच्याही खाली आले. कॉलऱ्याच्या रुग्णालाही उलट्या होतातच. ते पाणी पाजणारे हात तुमच्याआमच्यासारख्या घरच्यांचेच होते.

तीन-चार तास उलटी थांबली की खायला द्या. मऊ भात, पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, केळं, जे मूल मागेल ते थोडं थोडं. उपास नको, आग्रहही नको. मागच्या वेळची उलटीच्या औषधाची बाटली कपाटातून काढू नका. औषध आणि त्याचं माप वजनावर ठरतं, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आता घरी थांबायचं नाही असं कधी, ते नीट ऐका. उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल. सहा-आठ तासांत लघवी नसेल, डोळे खोल गेले असतील, रडताना पाणी येत नसेल. मूल गुंगीत असेल, किंवा चमच्यानं दिलेलंही सगळं उलटत असेल. पोट फार दुखत असेल किंवा फुगलं असेल. डोकं फार दुखून मान ताठ झाली असेल, किंवा आधी डोक्याला मार लागला असेल. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल. यांतलं एकही दिसलं तर रात्र असो की विसर्जन, निघायचं. आणखी एक: उलट्या होत असूनही लघवी खूप होते, तहान फार आहे, काही दिवसांत मूल वाळलंय, श्वास खोल आणि भराभर चाललाय, तर त्याच वेळी रक्तातली साखर तपासायला सांगा. मुलांचा मधुमेह कधीकधी असाच उघडकीला येतो.

आणि काही मुलांना दर थोड्या आठवड्यांनी, अगदी ठरल्यासारख्या उलट्या लागतात, मध्ये ठणठणीत असतात. याला 'नाटक' म्हणू नका. लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी 1882 सालीच अशा मुलांचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यांच्या घरात बऱ्याचदा कुणाला तरी अर्धशिशी असते. अशांसाठी एक वही करा. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती उलट्या, रंग कोणता, लघवी किती वेळा. ती वही पाहून डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

माझ्या मुलीचं काय झालं ते राहिलंच. त्या सकाळी मी सासूबाईंना सगळं समजावलं. त्यांनी वाद घातला नाही. देवघराशेजारच्या फळीवरची चांदीची वाटी-चमचा काढली, समोर घड्याळ ठेवलं आणि सहापासून दहापर्यंत पोरीजवळून उठल्या नाहीत. मी एका तासात कंटाळले असते. साडेनवाला पोरीला लघवी झाली, तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं, जणू काही पेढेच वाटायचे होते.

तेव्हा आज्यांनो, लंघन सोडा, पण वाटी-चमचा सोडू नका. आणि सुनांनो, रात्री दोन वाजता सासूबाईंना उठवायला संकोचू नका. आळीपाळीनं बसा. चमचा धरणारे दोन जोडी हात असले की धीर टिकतो.

गणपती बाप्पा मोरया!