प्रेस्टनचे हॅरिस संग्रहालय आणि भारतीय वस्त्रांचे अठरा खंड

इंग्लंडच्या उत्तर भागात, लँकेशायरमध्ये, प्रेस्टन नावाचे शहर आहे. एके काळी ते सूतगिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. सूतकताईच्या यंत्रामुळे ख्याती पावलेला रिचर्ड आर्कराइट १७३२ मध्ये येथेच जन्मला. शहराच्या मध्यभागी, बाजारचौकाला लागून, ग्रीक मंदिराच्या धर्तीवर बांधलेली एक भव्य इमारत आहे. हॅरिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इमारतीत सार्वजनिक ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय आणि कलादालन एकत्र नांदतात.

एडमंड हॅरिस हे तेथील वकील. १८७७ मध्ये ते निवर्तले आणि त्यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या धनातून हे कार्य सिद्धीस गेले. १८८२ मध्ये कोनशिला बसली. १८९३ मध्ये इमारत खुली झाली. अशा देणगीची गरज का भासावी? १८५५ च्या कायद्यानुसार इंग्लंडमधील नगरपालिकांना ग्रंथालयासाठी कर बसविता येई. पण तो करपात्र मूल्याच्या पौंडामागे एक पेनीहून अधिक नसावा, असा दंडक होता. पौंडाचे तेव्हा २४० पेन्स होत. ही मर्यादा १९१९ पर्यंत टिकली. एवढ्या उत्पन्नात पुस्तके आणि दिवाबत्ती भागली तरी पुष्कळ. पंचायत सदस्यांना हे निराळे सांगावयास नको.

परंतु भारतीयांचे लक्ष खिळून राहावे अशी या संग्रहातील वस्तू वेगळीच आहे. लंडनच्या इंडिया म्युझियमचे जॉन फोर्ब्ज वॉटसन यांनी १८६६ मध्ये भारतीय वस्त्रांचे १८ खंड सिद्ध केले. त्यांत ७०० नमुने आहेत. चित्रे नव्हेत, प्रत्यक्ष कापडाचे कापलेले तुकडे. पागोटी, साड्या, मलमल, किनखाब, लोकरी वस्त्रे. असे २० संच झाले. १३ ब्रिटनसाठी, ७ भारतासाठी. त्यांतील एक प्रेस्टनला आहे.

हेतू उघड होता. न शिवता नेसावयाच्या वस्त्राला काठ कसा हवा, पदर केवढा, लांबी-रुंदी किती, याची लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना पुरेशी जाण नाही, असे वॉटसन यांचे मत होते. उंची, कलाकुसरीची वस्त्रे भारतीय विणकरांनीच विणावीत, साधे कापड मात्र गिरण्यांनी पुरवावे, असाही त्यांचा विचार होता. साधे कापड म्हणजेच बहुसंख्यांचे कापड, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

पुढे प्रेस्टनच्या गिरण्याही बंद पडल्या. हॅरिसची इमारत मोठ्या दुरुस्तीनंतर २०२५ मध्ये पुन्हा खुली झाली. वॉटसन यांच्या खंडांत कापडासोबत ठिकाण, लांबी, रुंदी, वजन आणि किंमत यांची नोंद आढळते. विणकराच्या नावाला तेथे रकाना नाही.