वीट रचण्याआधी विजेचा हिशेब

(बसवनगुडी, बंगळुरू येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इमारतीचा बांधकाम खर्च एकदाच होतो. तिच्या वीजबिलाचा भार मात्र पुढील अनेक दशके वाहावा लागतो. यातील आर्थिक अडचण अशी की, पहिला खर्च विकासक करतो आणि दुसरा रहिवासी किंवा भाडेकरू. छज्जा आणि गच्चीवरील उष्णतारोधक थर वगळून पैसे वाचवतो एक, त्या बचतीची किंमत मोजतो दुसरा. खरेदीदाराला भिंतीचा रंग दिसतो. तिच्यातून आत येणारी उष्णता दिसत नाही. ही अदृश्य किंमत बांधकामापूर्वीच आकड्यांत मांडणारे साधन म्हणजे संगणकीय प्रतिरूपण, अर्थात सिम्युलेशन.

प्रतिरूपणाचे कार्य

वर्षाचे तास ८,७६०. इमारतीचा आराखडा, भिंती व काचांचे गुणधर्म, माणसांची व यंत्रांची संख्या आणि त्या शहराचे हवामान ही माहिती संगणकाला दिली की, तो प्रत्येक तासाला किती उष्णता आत आली, किती बाहेर गेली याचा ताळेबंद मांडतो. यासाठी जगभर वापरली जाणारी ‘एनर्जीप्लस’ ही प्रणाली अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या पुढाकाराने २००१ मध्ये उपलब्ध झाली. कागदावर खिडकी हलवण्यास काहीच खर्च येत नाही. बांधून झाल्यावर तीच दुरुस्ती परवडत नाही.

हा हिशेब स्थानिकच असावा लागतो. बंगळुरू सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत येथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. दिल्लीत असे कधीच घडत नाही. तेथील नमुन्यावरून केवळ दक्षिणेला छज्जे दिले, तर येथील उत्तरेच्या खिडक्या त्या काळात उघड्या पडतात. येथील जुन्या घरांच्या पडव्या, उंच छत आणि झरोके यांमागे हेच अनुभवजन्य शहाणपण होते. समशीतोष्ण हवेच्या या शहरात पश्चिमेला काचेची अखंड भिंत उभारायची आणि मग वातानुकूलनावर वीज खर्च करायची, हा व्यवहार तोट्याचाच ठरतो.

प्रत्यक्षाची कसोटी

गणित बरोबर आले म्हणजे वास्तव तसेच असेल, असे नाही. म्हणून बंगळुरूत मुख्यालय असलेल्या इन्फोसिसचा प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे. हैदराबादजवळील पोचारम येथे २०११ मध्ये कंपनीने दोन समान भागांची एक इमारत वापरात आणली. एका भागात सुधारित पारंपरिक वातानुकूलन बसवले. दुसऱ्यात छताच्या स्लॅबमधील नळ्यांतून थंड पाणी फिरवले. दोन वर्षांच्या मोजणीत दुसऱ्या भागातील शीतकरणास सुमारे ३४ टक्के कमी वीज लागली. उभारणीचा खर्च जवळपास सारखाच होता. काटकसरीची इमारत महागच असते, या समजुतीला हे उत्तर आहे.

कायद्याची चौकट

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. २०२२ च्या कायदादुरुस्तीने शाश्वततेचे निकषही या चौकटीत आणले. संहितेचे पालन दोन मार्गांनी सिद्ध करता येते : प्रत्येक घटकाचे ठरवून दिलेले निकष पाळून, किंवा नियोजित इमारतीची प्रमाण इमारतीशी प्रतिरूपणाद्वारे तुलना करून. दुसरा मार्ग वास्तुविशारदाला स्वातंत्र्य देतो आणि उत्तरदायित्वही. मात्र कायदा केंद्राचा, अधिसूचना राज्याची आणि बांधकाम परवाना स्थानिक संस्थेचा. या तीन पायऱ्यांपैकी शेवटची कच्ची राहिली, तर संहिता कागदावरच राहते.

ज्यांच्याकडे वातानुकूलन नाही

वीजबचतीच्या चर्चेत एक वर्ग नेहमी निसटतो. पंख्यावर भागवणाऱ्या कुटुंबाला युनिटांची बचत दाखवून काय उपयोग? त्याच्यासाठी खरे माप म्हणजे वर्षातले सुसह्य तास. गच्चीखालच्या खोलीत रात्री झोप लागते की नाही, याचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या मजुरीवर आणि मुलांच्या अभ्यासावर होतो. राजकोट येथे प्रधानमंत्री आवास योजनेतील ‘स्मार्ट घर-३’ या १,१७६ घरांच्या प्रकल्पात भारत-स्विस सहकार्यातून असे प्रतिरूपण आधी करून भिंती, खिडक्या व वायुवीजन ठरवण्यात आले. सार्वजनिक पैशाने बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक वसाहतीला हाच न्याय लागू व्हायला हवा.

मित्रहो, संगणक निर्णय घेत नाही. तो निर्णयाची किंमत सांगतो. चुकीची माहिती दिली, तर उत्तरही चुकीचेच येते. उद्या तुमच्यापैकी कोणी प्रशासनात गेले आणि एखाद्या शाळेचा, रुग्णालयाचा किंवा वसाहतीचा आराखडा मंजुरीसाठी समोर आला, तर बांधकामाच्या अंदाजपत्रकाबरोबर पुढील तीस वर्षांच्या विजेचा आणि उष्म्याचा हिशेबही मागा. तो मागण्याची योग्य वेळ पायाभरणीपूर्वीचीच असते.