एक जहाज, अनेक उंबरठे

आगगाडीनें वा विमानानें परदेशीं जाणाऱ्या मनुष्यास एका वेळीं एकाच देशाच्या दारांत उभें राहावें लागतें. सहलीच्या जहाजावरील प्रवाशाची गोष्ट निराळी असते. तो रात्रीं आपल्या खोलींत निजतो आणि सकाळीं उठून पाहतो तों दुसऱ्याच राज्याचें बंदर समोर उभें असतें. खोली तीच, अंथरूण तेंच, जेवणघरहि तेंच. कायदा मात्र रातोरात बदललेला असतो. सिंगापूरहून निघून पिनांग व फुकेत पाहून परत येणारी चार-पांच दिवसांची सफर घेतली, तरी तींत तीन राज्यांचे उंबरठे मिळून चार वेळां ओलांडावे लागतात.

मुंबई, पुणें, नागपूर येथील पुष्कळ कुटुंबें आतां अशा सफरींस जाऊं लागलीं आहेत. वडील सेवानिवृत्त झालेले असतात, आईस समुद्र पाहण्याची हौस असते, मुलें परदेशांतून येऊन मिळणार असतात. तिकिटाचे पैसे कित्येक महिने अगोदर भरले जातात. आणि अशी सर्व सिद्धता झाल्यावर एखाद्या कागदाच्या उणिवेमुळें धक्क्यावरूनच माघारीं फिरण्याची पाळी येते. तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहींत, आणि जमलेलीं माणसें पुन्हां कधीं एकत्र जमतील याचा नेम नसतो. या उणिवेचें मूळ बहुतेक वेळां अडाणीपणांत नसून जमिनीवरच्या प्रवासाचा हिशेब समुद्रावर लावण्यांत असतें.

ज्या बंधनांचा आज सर्वांस सराव झाला आहे तीं फार जुनीं नाहींत. पहिल्या महायुद्धापूर्वीं युरोपांतील बहुतेक देशांत पासपोर्टावांचून हिंडतां येत असे. १९१४ सालीं युद्ध पेटलें आणि हेर व फितूर यांच्या भीतीनें राज्यांनीं सीमेवर पहारा बसविला. युद्ध संपलें, पण पहारा उठला नाहीं. १९२० सालीं राष्ट्रसंघाच्या पुढाकारानें पॅरिस येथें परिषद भरली व सर्व राष्ट्रांनीं एकाच नमुन्याचा, ३२ पानांचा पासपोर्ट वापरावा असें सुचविण्यांत आलें. त्याच सालीं हिंदुस्थानांत येणाऱ्यांसाठींहि पासपोर्टाचा कायदा झाला. भारतीय नागरिकांस पासपोर्ट देण्याविषयींचा आजचा कायदा १९६७ सालचा आहे. पासपोर्ट म्हणजे स्वदेशाच्या सरकारनें दिलेला ओळखीचा दाखला आणि व्हिसा म्हणजे परक्या सरकारनें दिलेली येण्याची संमति. पहिला हातीं असला म्हणजे दुसरी मिळतेच असें नाहीं. आणि दुसरी मिळाली तरी शेवटचा शब्द धक्क्यावरील अधिकाऱ्याचा असतो.

येथें एक साहजिक प्रश्न उपस्थित होतो. सकाळीं उतरून सायंकाळीं परत जहाजावर चढणाऱ्या मनुष्यास व्हिसा हवाच कशाला? हा प्रश्न राष्ट्रांनाहि पडला होता. सागरी वाहतूक सुकर व्हावी म्हणून १९६५ सालीं लंडन येथें जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या नियमांत याचें उत्तर आहे. जहाज ७२ तासांहून कमी काळ थांबणार असेल, तर सहलीच्या प्रवाशांस व्हिसाची आवश्यकता नसावी, असें तो नियम सांगतो. मात्र विशेष परिस्थितींत निराळें ठरविण्याची मुभा त्या त्या देशास राखून ठेवलेली आहे, आणि जो नियम आपणांस पाळतां येत नाहीं तो तसें कळवून बाजूस ठेवण्याचीहि सोय आहे. म्हणजे तत्त्व सर्वांचें एक, व्यवहार प्रत्येकाचा निराळा. एवढ्या एका वाक्यावर विसंबून घरून निघणें धोक्याचें होय.

हा व्यवहार समजण्यासाठीं प्रवासांतील बंदरांचे तीन प्रकार ध्यानांत ठेवावे. पहिलें, जेथें प्रवासी जहाजावर चढतो तें; दुसरें, जेथें जहाज कांहीं तास थांबून पुढें जातें तें; आणि तिसरें, जेथें तो सामानासुमानासह कायमचा उतरतो तें. मधल्या बंदरांस सवलती पुष्कळ असतात. पहिल्या व शेवटच्या बंदरांस बहुधा सामान्य प्रवाशाचाच नियम लागतो. जपानचें उदाहरण पाहावें. जपाननें जानेवारी २०१५ पासून, सरकारनें मान्य केलेल्या सहलीच्या जहाजांवरील प्रवाशांस व्हिसावांचून उतरण्याचा खास परवाना देण्यास आरंभ केला. परंतु त्यांत अट अशी कीं, ज्या जहाजानें यावयाचें त्याच जहाजानें परत निघावयाचें. योकोहामास उतरून चार दिवस क्योतो पाहावें आणि विमानानें घरीं जावें असा ज्याचा बेत असेल, त्यास ही सवलत उपयोगी नाहीं. त्यानें रीतसर व्हिसाच घेतला पाहिजे.

चीननेंहि १५ मे २०२४ पासून सहलीच्या जहाजांवरील परदेशी मंडळ्यांस आपल्या किनाऱ्यावरील बंदरें व्हिसावांचून खुलीं केलीं. शांघाय, त्येन्त्सिन, श्यामेन, सान्या अशीं तेरा बंदरें त्यांत आहेत व मुक्काम १५ दिवसांपर्यंत करतां येतो. पण येथेंहि ‘मंडळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. किमान दोन प्रवासी हवेत, त्यांची व्यवस्था चीनमधील प्रवासी संस्थेनें केलेली हवी आणि मंडळीनें त्याच जहाजानें पुढें गेलें पाहिजे. एकट्यानें हिंडूं इच्छिणाऱ्यास हें दार उघडत नाहीं. हाँगकाँगचा हिशेब तर सर्वस्वीं वेगळा. १९९७ पासून तें चीनच्या अधिराज्याखालीं असलें तरी प्रवेशाचे नियम त्याचे स्वतःचे आहेत. भारतीय प्रवाशांस तेथें जाण्यापूर्वीं नांवनोंदणी करण्याची पद्धत जानेवारी २०१७ मध्यें सुरू झाली. शांघायहून हाँगकाँगला जाऊन पुन्हां चिनी बंदरांत शिरणाऱ्याचे चीनमधील प्रवेश दोन मोजले जातात; एकाच प्रवेशाचा व्हिसा घेतलेल्यास दुसऱ्या वेळीं दार बंद आढळतें.

प्रवेशांची ही मोजणी म्हणजे जलप्रवासांतील सर्वांत मोठा खळगा होय. सिंगापूर हें कित्येक सफरींचें आरंभस्थान व तेंच शेवटचेंहि स्थान असतें. भारतीय पासपोर्ट धारण करणारा मनुष्य विमानानें सिंगापुरास उतरतो तो पहिला प्रवेश. जहाज फिरून परत आलें कीं होतो तो दुसरा. व्हिसाची मुदत महिनोगणती शिल्लक असली, पण त्यावर एकाच प्रवेशाची नोंद असली, तर ती शिल्लक मुदत निरुपयोगी ठरते. म्हणून व्हिसा हातीं येतांच दोन गोष्टी निरनिराळ्या वाचाव्या : तो किती दिवस चालतो, आणि किती वेळां चालतो. सिंगापुरांत शिरण्यापूर्वींच्या तीन दिवसांत संगणकावरून आगमनपत्र भरावें लागतें, तेंहि दर प्रवेशास नव्यानें.

व्हिएतनामनें १५ ऑगस्ट २०२३ पासून सर्व देशांच्या नागरिकांस ९० दिवसांपर्यंतचा इलेक्ट्रॉनिक व्हिसा देण्याचें ठरविलें. पण तो ठराविक विमानतळांवर, नाक्यांवर व बंदरांतच चालतो. अर्जांत प्रवेशाचें ठिकाण विचारलेलें असतें. तेथें संवयीनें विमानतळाचें नांव लिहून जहाजानें जाणें ही चूक सहज घडते. मलेशियानें डिसेंबर २०२३ पासून भारतीयांस ३० दिवसांपर्यंत व्हिसाची माफी दिली, आणि थायलंडनें जुलै २०२४ मध्यें ६० दिवसांची सवलत जाहीर केली. अशा माफ्या व्यापाराच्या व राजकारणाच्या वाऱ्याबरोबर येतात आणि जातात. गेल्या वर्षीं शेजारी जाऊन आले तेव्हां कांहीं लागलें नव्हतें, हा पुरावा धक्क्यावर चालत नाहीं. शिवाय व्हिसाची माफी म्हणजे सर्व कागदांची माफी नव्हे. थायलंडनें १ मे २०२५ पासून परदेशी प्रवाशांस आगमनापूर्वीं पत्रक भरणें आवश्यक केलें आहे.

‘आम्ही त्या बंदरांत उतरणारच नाहीं, जहाजावरच बसूं,’ असें कित्येक प्रवासी म्हणतात. हा युक्तिवाद कंपनीपुढें बहुधा टिकत नाहीं. जहाज एखाद्या देशाच्या बंदरांत शिरलें कीं त्यावरील प्रत्येक मनुष्याची यादी त्या देशाच्या अधिकाऱ्यांस द्यावी लागते. कागदांवांचून मनुष्य आणल्याबद्दल दंड भरावा लागतो तो वाहतूक करणाऱ्यास. भारतांतहि असा कायदा २००० सालीं झाला होता, आणि आतां ती तरतूद २०२५ च्या नव्या परदेशी नागरिकविषयक कायद्यांत समाविष्ट झाली आहे. म्हणून कंपनीचा कारकून पहिल्याच बंदरावर शेवटच्या बंदराचा कागद मागतो. त्यास निष्ठुर म्हणून उपयोग नाहीं. तो आपल्या धन्याचा दंड वांचवीत असतो. तिकिटावरील बारीक अक्षरांत ही जबाबदारी प्रवाशाचीच असल्याचें बहुधा लिहिलेलें असतें.

या नियमांस मानवी बाजूहि आहे. दादरचे आईबाप आणि अमेरिकेचें नागरिकत्व घेतलेला मुलगा असे तिघे एकाच जहाजावर, शेजारच्या खोल्यांतून प्रवास करीत असतात. मुलगा सिंगापुरास व्हिसावांचून उतरतो, आईबापांस व्हिसा लागतो. नियम पासपोर्टाचा रंग पाहतो, नातें पाहत नाहीं. एकाच्या कागदांवरून दुसऱ्याचा अंदाज बांधणें म्हणूनच फसवें असतें. घरांत जितकीं माणसें तितक्या निरनिराळ्या याद्या कराव्या.

दुसरी बाजू दुखण्याची. वृद्ध प्रवाशास समुद्रावर हृदयविकाराचा झटका आला तर कप्तान त्यास जवळच्या बंदरांत रुग्णालयाकडे पाठवितो आणि जहाज पुढें निघून जातें. कांहीं तासांचा उतरण्याचा परवाना तेवढा जवळ असतो. त्या देशांत आठ-पंधरा दिवस राहून विमानानें घरीं येण्याचा अधिकार त्यानें मिळत नाहीं. अशा वेळीं स्थानिक अधिकाऱ्यांची व भारतीय वकिलातीची मदत घ्यावी लागते. सोबत असलेल्या पत्नीवर तर भाषा, पैसा व कागद या तिन्ही संकटांचा भार एकदम पडतो. ज्या देशाचा व्हिसा अगोदर घेतां येतो तेथें केवळ जहाजाच्या सवलतीवर न राहतां तो घेऊन ठेवणें, आणि समुद्रावरून रुग्ण हलविण्याचा खर्च ज्यांत धरलेला आहे असा विमा उतरणें, यांत शहाणपण आहे. जहाजाचे अधिकारी पुष्कळदां पासपोर्ट आपल्या ताब्यांत ठेवतात. म्हणून त्याच्या व व्हिसाच्या प्रती प्रत्येकानें अंगावर बाळगाव्या.

परक्यांच्या कागदांस कंटाळलेल्या प्रवाशानें स्वदेशाकडेहि एकदां पाहावें. भारतानें इलेक्ट्रॉनिक व्हिसा मान्य होणाऱ्या बंदरांत २०१७ सालीं गोवा, कोचीन व मंगळूर आणि नंतर मुंबई व चेन्नई यांचा समावेश केला. त्यापूर्वीं जहाजानें येणाऱ्या पाहुण्यांस येथेंहि अडचण पडत असे. आणि मुंबईहून गोव्यास जाणाऱ्या भारतीयास पासपोर्ट लागत नसला, तरी लक्षद्वीपास जाण्यासाठीं भारतीयासहि परवाना लागतो. तेथील अल्पसंख्य बेटवासीयांच्या रक्षणासाठीं तो आहे.

तेव्हां कामाचा क्रम असा असावा. प्रथम जहाजाचा मार्ग बंदरवार कागदावर लिहावा. प्रत्येक बंदरापुढें तें आरंभाचें, मधलें कीं शेवटचें याची नोंद करावी. कोणत्या देशांत किती वेळां शिरणें होतें तें मोजावें. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने उरते कीं नाहीं तें पाहावें. मग त्या त्या देशाच्या वकिलातीचा किंवा सरकारचा नियम वाचावा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावें. दोहोंत तफावत आढळल्यास अधिक कडक तें खरें मानावें. हें सर्व तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वीं व्हावें, नंतर नव्हे; आणि निघण्यास आठ दिवस उरले असतां तेच नियम पुन्हां एकदां वाचून पाहावे.

जुन्या काळीं जलप्रवासी वारा आणि भरती पाहून शीड उभारीत असे. आजच्या जहाजास वाऱ्याची पर्वा नाहीं, पण प्रवाशास कागदांची आहे. ज्यानें ती घरीं बसून केली, त्याच्या आईस डेकवर उभें राहून निश्चिंतपणें समुद्र पाहतां येतो.