बरोबरीच्या चिन्हाचा दुसरा अर्थ

संगणकासाठी आज्ञावली लिहायला शिकणारा मुलगा पहिल्याच धड्यात अडतो. पुढ्यात असते : एकूण = एकूण + ६. बीजगणित शिकलेला तो विचारतो, "हे कसे शक्य आहे?"

त्याची शंका रास्त आहे. रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ मध्ये हे चिन्ह छापले, ते दोन्ही बाजू सारख्या आहेत हे दाखवण्यासाठी. १९५७ च्या फोरट्रान भाषेत मात्र त्याच चिन्हाला आज्ञेचे काम मिळाले. आजच्या पायथॉनमध्येही तसेच आहे.

आता दूध डेअरीतली पाटी डोळ्यांपुढे आणा. वर नाव 'एकूण', खाली आकडा ४. इतक्यात ६ लिटरची किटली आली. जुना आकडा वाचायचा, त्यात ६ मिळवायचे, मग ४ पुसून १० लिहायचे. म्हणजे उजवी बाजू आधी, डावी मागाहून. नाव तेच, आकडा बदलला. म्हणूनच त्याला 'चल' म्हणायचे. पुसलेले ४ काही परत येत नाहीत, बरे का! ते हवे असतील तर आधीच दुसऱ्या नावाखाली उतरवून ठेवावेत.

तेव्हा गुरुजी, अशी शंका विचारणाऱ्याला 'गणितात कच्चा' म्हणून खाली बसवू नका. बीजगणित नीट समजले, म्हणूनच तो इथे थांबला आहे. त्याच्या हाती पाटी द्या.