रयतेचा पैसा, रयतेची शाळा



प्राथमिक शिक्षणाच्या खर्चाचा विषय निघाला की, ‘सरकार फुकट शिकविते’ असा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. तो एकदा तपासून घेतला पाहिजे. शासनाच्या तिजोरीत येणारा पैसा हा जनतेचाच पैसा असतो. शेतमजुराच्या घरातील बाई आठवड्याच्या बाजारात साबणाची वडी घेते, तेव्हा किमतीबरोबर तीही कर भरते. तिच्या मुलाला शाळेत फी द्यावी लागत नाही, ती या अर्थाने आधीच भरून झालेली असते. म्हणूनच हा प्रश्न दानधर्माचा नसून हिशेबाचा आहे.

जोतीरावांनी मांडलेला हिशेब

हा हिशेब महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील आपल्या निवेदनात निःसंदिग्धपणे मांडला. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून निर्माण होतो आणि त्या पैशाचा लाभ मात्र उच्च शिक्षण घेणाऱ्या वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते. मुंबई इलाख्यातील जवळजवळ नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे सुमारे १० लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कोणतीही सोय नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, शेतसाऱ्यावरील पट्टीतून जमणाऱ्या लोकल फंडाचा किमान निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणाकडे वळवावा, शिक्षकास दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे, अशा त्यांच्या सूचना होत्या. शाळा हवी, पण तिच्यासाठी पैसा कोठून यावा आणि तो कोणाच्या हाती पडावा, हेही सांगणारे ते निवेदन होते.

‘पैसा नाही’ या उत्तराची कसोटी

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदे कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. विधेयक अत्यंत सौम्य होते. स्थानिक संस्थांना प्रथम मुलांपुरती सक्ती लागू करण्याची मुभा मिळावी, दरमहा १० रुपयांहून कमी प्राप्ती असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ असावी आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, एवढीच अपेक्षा होती. खर्च पेलणार नाही, लोकांचीही मागणी नाही, असे आक्षेप घेतले गेले आणि १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

हे आक्षेप कितपत खरे होते? नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला होता आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानात लागू केला होता. विधेयक फेटाळले गेल्यावर पाचच वर्षांनी, १९१७ साली, राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला. साम्राज्याला जे परवडत नव्हते, ते दोन संस्थानांना परवडले. अडचण पैशाची असण्यापेक्षा पैशाच्या क्रमाची अधिक होती.

सक्ती तेथे फी नाही

सक्ती आणि मोफत ही जोडी का अतूट आहे, हेही समजून घेतले पाहिजे. गरिबाच्या घरी मूल शाळेत गेले की त्याच्या हातची मदत थांबते, त्याची गुरे राखायला दुसरे कोणी पाहावे लागते. हा खर्च तो सोसतोच. त्यावर फी आली की निवड सुरू होते आणि त्या निवडीत बहुधा मुलगी घरी राहते. उलट, तिने शिकण्याचा लाभ एका घरापुरता राहत नाही. बाळाच्या औषधाची मात्रा वाचणारी आई, सात-बाराचा उतारा स्वतः पाहणारा शेतकरी, सोसायटीच्या हिशेबावर प्रश्न विचारणारा सभासद यांच्यामुळे सारे गाव सुधारते. लाभ साऱ्यांचा, तर खर्चही साऱ्यांनी मिळून करावा, हेच न्यायाचे आहे.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने अनुच्छेद ४५ मध्ये १४ वर्षांपर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी १० वर्षांची मुदत घातली होती. ती उलटून गेली. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाचे उद्दिष्ट सुचविले, तेही दूरच राहिले. २००२ च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. फुल्यांच्या निवेदनानंतर त्यासाठी सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

वाडीवरची शाळा

आता खरी कसोटी आहे ती लहान शाळेची. डोंगरातील वाडीवर १० मुले आणि १ शिक्षक असतील, तर दर मुलामागचा खर्च मोठ्या गावापेक्षा साहजिकच जास्त दिसतो. परंतु ती शाळा उठली, तर तो खर्च नाहीसा होत नाही. तो सहा वर्षांच्या मुलीच्या पायांवर पडतो. ओढा भरलेल्या दिवशी ती घरीच राहते आणि पुढे घरचीच होते. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत असावी, हा नियम याच जाणिवेतून आला आहे.

मात्र पैसा देऊन कर्तव्य संपत नाही. शिक्षक वर्गावर असेल आणि चौथीच्या मुलाला मजकूर वाचता येईल, तरच खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले आहे. हा हिशेब तपासण्याचा अधिकार आहे. समितीच्या सभेत बसलेल्या शेतमजूर मातेने शिक्षकाला ‘माझ्या लेकीला वाचता का येत नाही?’ असे विचारावे. ती उपकार मागत नसते. साबणाच्या वडीबरोबर दिलेल्या पैशाचा ती जाब विचारत असते.